आराखडा लिहिण्याआधी पोराला तीनदा विचारा

पहिल्या दिवशी हजेरीपटावर कास्देकर, बेठेकर, जांभेकर अशी आडनावं वाचून मला हायसं वाटलं. सगळी 'कर'वाली, म्हणजे आपलीच मराठी पोरं! मी साताऱ्याकडचा. मेळघाटात ही आडनावं कोरकू आदिवासींची असतात, आणि त्यांची स्वतःची कोरकू भाषा आहे, हे कळायला आठवडा लागला. त्याचा अर्थ कळायला अख्खं शैक्षणिक वर्ष गेलं. तुम्ही धारणी-चिखलदऱ्याकडे नुकताच मुख्याध्यापकाचा चार्ज घेतला असेल आणि शाळा विकास आराखड्याचा कोरा नमुना पुढ्यात असेल, तर तुमचं तरी वर्ष वाचावं.

कायदा तुम्हाला पाठ आहेच. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 22: आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. प्रत्यक्षात तो मुख्याध्यापक एका रात्रीत करतो, शेजारच्या शाळेची फाइल मागवून, गावाचं नाव बदलून. मीही तेच केलं. त्या फाइलमध्ये नदीकाठी संरक्षक भिंत मागितली होती. आमच्या गावाला नदीच नाही.

भिंतीचं हसण्यावारी गेलं. मला बुडवलं ते गणिताने.

तिसरीची चाचणी घेतली. 'झाडावर 12 पक्षी होते. 5 उडून गेले. किती उरले?' निम्म्याहून जास्त पोरांनी 17 लिहिलं. मी आराखड्यात ठोकून दिलं: वजाबाकीचा संबोध कच्चा, रोज एक जादा तास. 14 मुलांचा वेगळा गट केला आणि दिवाळीपर्यंत त्यांच्याकडून वजाबाकी घोटून घेतली. पोरं इतकी वैतागली की दोघं मधल्या सुट्टीत भात खाऊन परस्पर रानात पसार व्हायची.

एक दिवस आहार शिजवणाऱ्या ताई दारात उभ्या राहून हा तमाशा बघत होत्या. आत आल्या, बारा चिंचोके मांडले, पाच उचलले आणि कोरकूत काहीतरी विचारलं. माझ्या यादीतल्या सगळ्यात 'कच्च्या' पोराने पटकन उत्तर दिलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सात म्हणतो, गुरुजी."

त्याला वजाबाकी येत होती. 'उरले' हा शब्द येत नव्हता. दोन आकडे दिसले की बेरीज करून मोकळं व्हायचं, ही युक्ती त्याने वर्गात निभावून न्यायला शोधली होती.

म्हणून चाचणीतला प्रत्येक प्रश्न तीन तऱ्हांनी विचारा. एकदा मराठी शब्दांत. एकदा नुसत्या आकड्यांत, 12 - 5. एकदा घरच्या भाषेत, हातात वस्तू देऊन. फक्त पहिल्यात अडलं तर मराठी कमी पडतंय. दुसऱ्यात अडलं आणि तिसऱ्यात जमलं तर मांडणी आणि चिन्हं शिकवायची आहेत. तिसऱ्यातही अडलं तरच गणित कच्चं. ही तीन वेगळी कामं आहेत आणि आराखड्यात त्यांच्या तीन वेगळ्या ओळी हव्यात. मी तिन्ही एका ओळीत कोंबली. पुढे पुन्हा तपासलं तेव्हा 14 पैकी 9 जणांचं गणित ठीक निघालं. त्या नऊ पोरांचे ते महिने मी खाल्ले, अजून झोपेत आठवतं.

वाचनालाही हाच नियम लावा. 'कुत्रा' खडखडीत वाचणाऱ्या पोराला विचारा, म्हणजे काय? 'सीटा' म्हणाला तर वाचन झालं. गप्प राहिला तर त्याने नुसती अक्षरं उच्चारली. आम्ही त्यालाच 'प्रगत' म्हणून मोकळे होतो.

आडनावावरून घरची भाषा मात्र ठरवू नका. गवळ्यांची, बलईंची, बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांची पोरं एकाच बाकावर असतात. काही कोरकू घरांतही आता हिंदीच चालते. घरी जाऊन ऐका. आणि वर 'द्विभाषिक शाळा' असं लिहाल तर कार्यालयाला मराठी-इंग्रजी वाटेल, तेव्हा भाषांची नावं स्पष्ट लिहा.

घाबरू नका, तुम्हाला कोरकू बोलता यायलाच हवी असं नाही. मला अजून धड येत नाही. 'डा' म्हणजे पाणी, 'जोम' म्हणजे खाणं, असे पन्नासेक शब्द आणि एक शिकवणारं माणूस, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. ते माणूस स्टाफरूममध्ये शोधू नका. 'यांच्या डोक्यात शिरतच नाही' म्हणणारे वीस वर्षांचे अनुभवी सर मी ऐकले आहेत. त्यांच्यापेक्षा अंगणवाडीची मदतनीस बरी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'रेडीमेड आराखडा' तर उघडूच नका.

तारखा सांभाळा. यूडायसचा, म्हणजे सरकारी शाळा-माहितीतला, पट 30 सप्टेंबरचा धरतात, तेव्हा वर्ग भरलेला असतो. दिवाळीनंतर कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. जाणाऱ्या पोरांना तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रक द्या, आणि उजळणीचे आठवडे होळीनंतर लावा, जानेवारीत नाही. समितीची महत्त्वाची सभाही दिवाळीआधी उरका, नाहीतर सह्या करायला तुम्ही आणि ग्रामपंचायतीचा सदस्य एवढेच उराल.

सभेत आयांशी मी मराठीत बोललो तेव्हा सगळ्या माना डोलवत होत्या. ताईंनी तेच कोरकूत सांगितलं तेव्हा भांडण झालं, चांगलं तासभर. माझा जादा तास त्या आयांनीच खोडला.

यंदा आराखड्यात ताईंना रोज एक तास भाषेच्या मदतीसाठी मानधन मागितलं होतं. 'अशी तरतूद नाही' असा शेरा मारून कागद परत आला. मी तीच ओळ पुढच्या वर्षाच्या रकान्यात पुन्हा लिहिली आहे.