जुनी सायकल ऑनलाइन बघून घेताय? पैसे असे द्या

नाशिकला सायकलचं वेड आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली. गंगापूर रोडला पहाटे गिअरच्या सायकली दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच वर्ष-दोन वर्षं गॅलरीत धूळ खाऊन जाहिरातीत येतात. चांगली सायकल नव्याच्या निम्म्या किमतीत मिळते, म्हणून जुनी घेणं शहाणपणाचंच आहे. पण पैसे देण्याबद्दल जे सल्ले मिळतात त्यातले अर्धे घातक आहेत. सगळ्यांत वाईट सल्ला म्हणजे 'थोडं टोकन देऊन अडकवून ठेव, नाहीतर हातची जाईल.'

जाण्याआधी

विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागवा: मूळ बिलाचा फोटो, फ्रेम नंबरचा फोटो आणि त्या दिवशी काढलेला छोटा व्हिडिओ. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना पेडलच्या धुऱ्याखाली, फ्रेमच्या पोटाला कोरलेला असतो. ज्याच्याकडे सायकल खरोखर आहे त्याला हा फोटो काढायला दोन मिनिटं पुरतात. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

तुमचा फोन किंवा सिम नवीन असेल तर यूपीआय आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा. नव्या नोंदणीनंतर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, आणि ती विक्रेत्याच्या दारात उभं राहिल्यावर कळते.

टोकन: इथेच लोक बुडतात

टोकन मागणारा प्रत्येक जण चोर नसतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. खऱ्या विक्रेत्यालाही 'येतो' म्हणून न येणाऱ्या गिऱ्हाइकांचा वैताग असतो. त्यामुळे 'फक्त ५०० पाठवा, जाहिरात काढून टाकतो' हे वाक्य खऱ्याच्याही तोंडी असतं आणि भामट्याच्याही. फोनवरून ते दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून माणूस पारखत बसू नका. सायकल समोर येईपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच लावा.

५०० रुपये गेले तर गेले, असं वाटतं. पण भामट्याला त्या ५०० मध्ये रस नसतो. तुम्ही पैसे पाठवणारे आहात, एवढंच त्याला त्यातून कळतं. मग पुढची मागणी येते: डिलिव्हरीचे २,०००, परत मिळणारं डिपॉझिट, गेट पास, जीएसटी. प्रत्येक वेळी 'हे शेवटचं, सायकलसोबत परत मिळेल' असं सांगितलं जातं, आणि आधीचे पैसे वाचवायचे म्हणून माणूस पुढचे भरतो. शेवटी तुम्ही नाद सोडलात की 'रिफंड' म्हणून क्यूआर येतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. स्कॅन केलं, पिन टाकला, की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. 'तुम्ही १ रुपया पाठवा, मी २ परत पाठवतो' हाही त्याच खेळाचा भाग आहे. दोन रुपये खरोखर येतात आणि विश्वास बसतो.

नाशिकमध्ये एका बतावणीपासून खास सावध राहायला हवं. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, नाशिक रोडलाही लष्कर आहे. त्यामुळे 'मी फौजी आहे, कॅम्पात राहतो, बदली झालीय, तुम्हाला आत सोडणार नाहीत, सायकल लष्कराच्या गाडीतून पाठवतो' हे इथे पटकन खरं वाटतं. देशभर चालणारी ही जुनी फसवणूक आहे. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही येतं, आणि ते बहुधा दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं असतं. अनोळखी गिऱ्हाइकाला स्वतःचं लष्करी ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवणारा विक्रेता हाच धोक्याचा इशारा समजा. सरळ सांगा, 'लॅम रोडला सायकल घेऊन या, तिथेच बघतो आणि पैसे देतो.' खरा जवान येईल. दुसरा कारणं देईल.

मग खऱ्या विक्रेत्याला थांबवायचं कसं? पैशाऐवजी वेळ द्या. 'आज संध्याकाळी सहाला येतो, पूर्ण रक्कम तयार आहे, निघताना फोन करतो' असं सांगा आणि शब्द पाळा. तेवढ्यात दुसऱ्याने नेली तर नेली. सिडको, इंदिरानगर, पंचवटी, कॉलेज रोड, कुठूनही पुढच्या आठवड्यात दुसरी जाहिरात येतेच.

भेट कुठे

'सार्वजनिक ठिकाणी भेटा' हा सल्ला मोबाइलसाठी ठीक आहे. सायकलसाठी विक्रेत्याच्या सोसायटीचं गेट चांगलं. माणूस तिथेच राहतो का, वॉचमन त्याला ओळखतो का, हे आपोआप दिसतं. सायकलला आरटीओची नोंदणी नसते, त्यामुळे मालकी ठरवायला हेच धागे हाताशी असतात. उजेडात जा आणि सोबत एकाला न्या.

सायकल तपासणं: फ्रेमला तडा, वाकडं फिरणारं चाक, ब्रेक, सगळे गिअर, आणि पाचेक मिनिटांची फेरी. त्यानंतर फ्रेम नंबर बिलाशी आणि आलेल्या फोटोशी जुळवा. जुळला नाही किंवा घासलेला दिसला तर परत फिरा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

पैसे देताना

पूर्ण रक्कम यूपीआयने द्या. रोखीचा आग्रह असेल तर कारण विचारा. अर्धे रोख, अर्धे ऑनलाइन असं तर मुळीच करू नका, कारण पुढे वाद झाला तर तुमच्याकडे अर्ध्याच रकमेचा पुरावा उरतो.

बेसमेंट पार्किंगमध्ये उभं राहून पैसे पाठवू नका. रेंज जाते आणि व्यवहार लटकतो. बाहेर या, त्याच्या फोनवरचा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाकण्याआधी थांबून बँक खात्यावरचं नाव वाचा. ते समोरच्या माणसाचं हवं. वडिलांचं किंवा बायकोचं असेल तर ती व्यक्ती तिथे हजर हवी. 'मित्राच्या खात्यावर टाका' याला साफ नकार द्या. फसवणुकीचा पैसा भाड्याच्या खात्यांतून फिरवतात, आणि उद्या वाद झाला तर तो खातेदार म्हणेल, 'मी कुठलीच सायकल विकली नाही.'

आधी १ रुपया पाठवा आणि तो त्याच्या फोनवर, तुमच्यासमोर, जमा झालेला बघा. मग उरलेली रक्कम पाठवा. शेऱ्याच्या जागेत 'जुनी सायकल' आणि फ्रेम नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा. हा छोटासा शेरा पुढे फार कामी येतो.

खात्यातून पैसे वजा झाले पण त्याच्याकडे पोचले नाहीत, तर दुसऱ्यांदा पाठवू नका. घाईत दुप्पट पैसे जातात ते इथेच. व्यवहार अयशस्वी ठरला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाल्यास बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. तोवर सायकल त्याच्याकडेच राहू द्या आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक दोघांनी लिहून ठेवा.

पावती

साधा कागद चालतो. तारीख, दोघांची नावं, विक्रेत्याचा पत्ता, सायकलचा ब्रँड, मॉडेल, रंग, फ्रेम नंबर, रक्कम, यूटीआर, 'सायकल माझ्या मालकीची असून विकत आहे' हे वाक्य आणि सही. मूळ बिलही मागून घ्या.

विक्रेता पुण्या-मुंबईचा असेल तर

ओळखीच्या माणसाला तिथे पाठवा, त्याने सायकल बघितली की पैसे द्या. असं कुणीच नसेल तर ती सायकल सोडा. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो हा पुरावा नव्हे, तो बनावट असू शकतो. खरोखर ट्रान्सपोर्टने मागवायची असेल तर भाडं 'टू पे', म्हणजे माल हातात आल्यावर द्यायचं, ठेवा आणि बिल्टीवर छापलेल्या नंबरावर नाही, तर ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नाशिकमधल्या ऑफिसात जाऊन चौकशी करा.

फसलात तर

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपणहून परत फिरवू शकत नाही. मात्र ते पुढे वळवण्याआधी समोरच्या खात्यात गोठवता येतात, म्हणून इथे दिवस नव्हे, मिनिटं मोजायची. यूटीआर, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर हाताशी ठेवा. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढा, चॅट पुसू नका, त्याला ब्लॉक करण्याचीही घाई नको. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो तो लावा. शोधात सापडणारे बरेच 'कस्टमर केअर' नंबर भामट्यांचेच असतात. ते स्क्रीन शेअर करायला लावतात आणि खात्यात उरलेलंही काढून घेतात.