कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी) म्हणून पाय ठेवायच्या आधी सोलापुरात काय काय उरकायचं

गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, सोलापूरला आलोय, दहा दिवस झाले, आणि या दहा दिवसांत आमच्या जुळे सोलापूरच्या घरी चार जण फाइल घेऊन येऊन गेले. कुणाचा सीओपीआर, म्हणजे पीआर मंजूर झाल्याचा कागद, आलाय, कुणाचा पासपोर्ट व्हिसा लागून परत आलाय, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "दादा, बॉर्डरवर काय काय विचारतात ओ?" काल संध्याकाळी एक नवरा-बायको आले होते, दोन तास बसले, दोनदा चहा झाला, ते गेल्यावर बायको म्हणाली, प्रत्येकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढा की. म्हणून लिहितोय.

आम्ही गेलो २०१७ च्या मे महिन्यात, आणि ते पण विमानानं नाही तर रस्त्यानं. न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर सहा वर्षं काढली होती, ग्रीन कार्डाची आपल्या लोकांची रांग काही हलत नव्हती, मग एक्सप्रेस एंट्री या पीआरच्या योजनेतून कॅनडाचा अर्ज केला आणि तो झाला. बफेलोवरून पीस ब्रिजवर गाडी घातली, खाली नायगारा नदी, मागं चार वर्षांची लेक झोपलेली, तिच्या पायाशी दोन सोलापुरी चादरी आणि कडक भाकरीचा डबा. पलीकडं फोर्ट एरीला टोलनाक्यासारखी खिडकी असते, तिथं पासपोर्ट दिले, पीआर लँडिंग, म्हणजे पीआर म्हणून पहिली नोंद, करायचंय म्हणून सांगितलं, तर गाडी बाजूला लावून आत जा म्हणाले. आत बसून वाट बघण्यात दीड तास गेला आणि काउंटरवरचं बोलणं पंधरा मिनिटांत आटपलं. इथं कायमचं राहायला येताय का, आधी कुठल्या देशानं बाहेर काढलंय का, कुठला गुन्हा सिद्ध झालाय का, बरोबर कोण कोण आहे, घरच्यांची माहिती अर्जात दिली तीच आहे का, पैसे किती आणलेत. मग ऑफिसरनं सीओपीआर पुढं केला, आम्ही सह्या केल्या, वेलकम टू कॅनडा म्हणाला. झालं. तुम्ही मुंबईहून विमानानं गेलात तरी हेच होतं, फक्त खिडकीच्या जागी एअरपोर्टवरची इमिग्रेशनची खोली. सीओपीआरचा कागद असेल तर त्यावर घरी सही करायची नाही, ऑफिसर सांगेल तेव्हा त्याच्यासमोरच करायची.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण जुनं ऐकून बरेच जण गोंधळतात. जे आधीच कॅनडात स्टडी परमिट नाहीतर वर्क परमिटवर आहेत ते पूर्वी पुलावरून अमेरिकेच्या बाजूला जाऊन लगेच वळून परत यायचे आणि तिथंच कागद करून घ्यायचे, त्याला फ्लॅगपोलिंग म्हणायचे. वर्क आणि स्टडी परमिटसाठी ते २३ डिसेंबर २०२४ पासून बंद झालंय. आणि कॅनडात असणाऱ्यांचं पीआरचं शेवटचं काम आता इमिग्रेशनच्या ऑनलाइन पोर्टलवर होतं, ईमेल येतो, फोटो टाकायचा, आपण कॅनडातच आहोत असं लिहून द्यायचं, इलेक्ट्रॉनिक सीओपीआर येतो. त्यामुळं तिकडं असलेल्या तुमच्या भावानं किंवा मैत्रिणीनं उगाच गाडी काढून नायगाराला पळू नये. तुम्ही सोलापुरातून जाणार म्हणजे तुमचं लँडिंग बॉर्डरवरच, समोरासमोर.

आता मुद्द्याचं. बॉर्डरवर हुशारी चालत नाही आणि ती लागत पण नाही. जे आहे ते सगळं सांगायचं, आणि लिहून न्यायचं. मी बघितलेली जवळजवळ सगळी लफडी न सांगण्यातून झालीत, सांगितल्यामुळं अडकलेला माणूस मला अजून भेटला नाही.

सगळ्यात मोठी भीती मला वाटते ती लग्नाची. आपल्याकडं कसं असतं, पोराचा पीआर आला की घरात लगेच सुरू होतं, जायच्या आधी लग्न उरकून टाकू, मुलगी बघितलेलीच आहे, मंगल कार्यालय मिळतंय. उरकायला काहीच हरकत नाही. पण अर्जात तुम्ही अविवाहित लिहिलंय, आणि आता लँडिंगच्या आधी लग्न झालं, तर विमानात बसायच्या आधी ते इमिग्रेशनला कळवावंच लागतं, मग भले त्यात तीन-चार महिने जादा जाऊ देत. न कळवता तसंच जाऊन काउंटरवर "सिंगल" म्हणून सही केली तर ती खोटी माहिती ठरते, आणि पुढं बायकोला फॅमिली क्लासमधून, म्हणजे घरच्यांना बोलावून घ्यायच्या अर्जातून, स्पॉन्सर करायला गेलं की ते म्हणतात, तू आलास तेव्हा हिची नोंदच नव्हती, हिची तपासणीच झालेली नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराचं हेच झालं. एजंट म्हणाला होता, आता बोलू नको, नंतर बोलावून घेता येतं. ती पोरगी अडीच वर्षं सासरी राहिली, नवरा तिकडं एकटा बेसमेंटमध्ये, वकिलाची फी वेगळी, दोन्हीकडचे आईबाप रडकुंडीला आलेले. माझा जीव तुटला ते बघून. मूल झालं तरी हाच नियम, घटस्फोट झाला तरी हाच. बरोबर येणार नसलेला नवरा, बायको, पोरं यांची पण नोंद पाहिजे. कृपा करून हे एक ऐका, बाकी चुकलं तर दुरुस्त होतं.

दुसरं सामानाच्या यादीचं. याद्या दोन करायच्या असतात, एक बरोबर नेताय त्याची, दुसरी मागून येणार त्याची. कस्टम्सचा बीएसएफ १८६ नावाचा फॉर्म आहे, जुने लोक अजून त्याला बी-४ म्हणतात. आपल्या मालकीचं आणि आपण वापरलेलं सामान पहिल्यांदा राहायला जाताना बिनकराचं नेता येतं, आणि मागून पुढच्या खेपेला नेलं तरी बिनकराचं, पण कधी, तर पहिल्या दिवशी दिलेल्या दुसऱ्या यादीत ते लिहिलेलं असेल तर. मागून काहीच येणार नाही असं वाटलं तरी दुसरी यादी कराच. आम्ही केली नाही. बायकोच्या पाटल्या आणि तिच्या आजीची बोरमाळ इथं सोलापुरात बँकेच्या लॉकरमध्ये होती, म्हटलं राहू दे इथंच, तिकडं कुठं घालायची. २०१९ ला मेव्हण्याच्या लग्नाला आलो, तिनं घातली, आणि मग तिला ती सोडून जाववेना. बरोबर नेली, एअरपोर्टवर खरं ते सांगितलं, ऑफिसरनं जुनी यादी मागितली, यादीत नाव नाही, कर भरावा लागला. नियमाप्रमाणंच होतं ते, चूक माझी होती. पण स्वतःच्या आजीच्या बोरमाळेसाठी बायको त्या काउंटरपाशी पावती धरून उभी होती, ते मला अजून आठवतं.

म्हणून कालच्या त्या दोघांना मी वही काढून तिथंच लिहायला बसवलं. दागिन्यांचं नुसतं "सोन्याचे दागिने" लिहून भागत नाही, एकेक लिहायचं, मंगळसूत्र, ठुशी, बिलवर, वजन किती, अंदाजे किंमत किती. आपल्या नेहमीच्या सराफाकडं जाऊन प्रत्येक दागिन्याचा फोटो काढायचा आणि त्या फोटोवर त्याची सही आणि तारीख घ्यायची, कस्टम्सला हेच हवं असतं. आपले सराफ एवढं करून देतात, दोन पिढ्यांची ओळख असते.  आणि असं बिनकराचं नेलेलं काही वर्षाच्या आत विकलं किंवा कुणाला दिलं तर कर भरावा लागतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याच्या वर बरोबर असेल, रोख, ड्राफ्ट काहीही, तर ते सांगायचं. नेण्यावर बंदी नाहीये, फक्त न सांगण्यावर आहे. आपल्या बाजूनं रोख परकीय चलन ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंत, बाकीचं फॉरेक्स कार्ड नाहीतर बँकेतून पाठवायचं. आपल्या रुपयाच्या नोटा २५,००० च्या वर नेता येत नाहीत. आणि गेल्यावर इथलं साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं. बार्शी, मोहोळ, पंढरपूर साइडचे शेतीवाले विचारतात जमिनीचं काय, तर वारशानं आलेली जमीन तुमचीच राहते, सातबाऱ्यावरचं नाव कुणी काढत नाही, फक्त एनआरआय झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही.

खायचं काय न्यायचं हा आयांचा प्रश्न. शेंगा चटणी न्या, मसाले न्या, कडक भाकरी न्या, सगळं पॅक करून आणि फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून हो लिहून. मटण-चिकनचं काही नको, ताजी फळं नकोत, रोपं-बिया-माती नको. तुळशीचं रोप लपवून नेणारी एक मावशी मी बघितलीय, श्रद्धा समजते मला, पण नका नेऊ. आणि शेंगा चटणीबद्दल एक आपल्या सोलापूरकरांनाच सांगायला पाहिजे, ती पोरांच्या शाळेच्या डब्यात द्यायची नाही. तिकडं काही पोरांना शेंगदाण्याची इतकी जोरात अॅलर्जी असते की जिवावर बेततं, त्यामुळं बऱ्याच शाळांत शेंगदाणे चालतच नाहीत. लेकीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चपातीला चटणी लावून रोल करून दिला होता, दुपारी शाळेतून फोन. नशिबानं कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवशी हातपाय गार पडले माझे. घरी खा पोटभर, तोंड-हात धुवून शाळेत पाठवा.

सोलापुरातच उरकून घ्यायच्या आणखी बऱ्याच गोष्टी आहेत. दात आणि चष्मा इथंच करून घ्या, तिकडचं सरकारी हेल्थ कार्ड मोठ्या माणसांच्या नेहमीच्या दातांच्या कामाला चालत नाही आणि बिलं बघून डोकं फिरतं. रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, मूळ पॅकिंगमध्ये, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. पोरांच्या लसीकरणाच्या नोंदी तारखांसकट इंग्रजीत, शाळेत मागतात. आणि ज्यांना गाडी येते त्यांनी आपल्या एमएच १३ च्या आरटीओतून लायसन्स किती वर्षांचं आहे याचं पत्र आणा. ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, आधी जी-१ या शिकाऊ लायसन्सची लेखी परीक्षा द्यावीच लागते, पण जुना अनुभव कागदावर दाखवला तर पुढच्या रोड टेस्टसाठी वर्षभर थांबायची गरज पडत नाही. हे पत्र तिथं बसून मागवायचं म्हणजे म्हाताऱ्या वडलांना चकरा, म्हणून आत्ताच.

तारीख बघा. सीओपीआरवर शेवटची तारीख असते, ती बहुतेक मेडिकलवरून नाहीतर पासपोर्टवरून ठरते, आणि वाढवून मिळेल या भरवशावर बसायचं नाही. कुणी म्हणतं आत्ता फक्त लँडिंग करून येतो आणि नोकरी सोडून नंतर जातो. करता येतं, पण पीआर कार्ड पोस्टानं तिकडच्याच पत्त्यावर येतं, इकडं येत नाही, आणि ते हातात नसेल तर परत जायच्या विमानात बसता येत नाही, ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढत बसावं लागतं. पत्ता लगेच नसेल तर १८० दिवसांच्या आत कळवायचा. मित्राचा पत्ता देणार असाल तर त्याला त्याच्या पोस्टाच्या पेटीवर तुमचं नाव चिकटवायला सांगा, बारीक गोष्ट आहे, पण नाव नसलं की पोस्टमन पाकीट परत नेतो. आणि पाच वर्षांत ७३० दिवस तिकडं राहावंच लागतं, नाहीतर पीआर धोक्यात. सिटिझनशिपसाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस, म्हणून येण्या-जाण्याच्या तारखा पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहा.

पोचल्यावर पहिलं काम सिन नंबर, नोकरीसाठी आणि करासाठी लागतो, नऊ आकडी असतो, फुकट मिळतो, सर्व्हिस कॅनडाच्या ऑफिसात. फोनवर कुणी मागितला तर द्यायचा नाही. दुसरं बँक आणि एक छोटं क्रेडिट कार्ड, कारण तुमचा इथला सिबिल तिकडं कुणी बघत नाही, शून्यापासून सुरुवात. तिसरं हेल्थ कार्ड. ऑन्टारिओत आता तीन महिने थांबावं लागत नाही, ब्रिटिश कोलंबियात थांबावं लागतं, तिकडं जाणाऱ्यांनी तेवढ्या दिवसांचा खाजगी विमा घ्या. घर भाड्यानं घेताना ऑन्टारिओत पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ मागतात ते बरोबर आहे, पण घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक डॉलर पाठवायचा नाही. नवीन माणूस हेरून फसवणारे खूप आहेत, आपल्या भाषेत बोलणारे पण असतात त्यात, वाईट वाटतं सांगायला.

थंडीचं सगळे विचारतात. जमलं तर एप्रिल-मेमध्ये जा, थंडी यायच्या आधी रस्ते, बस, दुकानं ओळखीची होतात, आणि जाड जॅकेट इथनं घेऊन जाऊ नका, इथलं तिकडं पुरत नाही. चादर मात्र न्या. आमच्या त्या दोन चादरींतली एक पहिले सहा दिवस जमिनीवर अंथरायला होती, कारण गाद्या यायला वेळ लागला, आणि दुसरी लेकीच्या अंगावर. ती आता बारा वर्षांची आहे, अजून तीच घेते, कडेचे धागे सुटलेत तरी नवी घेत नाही. या खेपेला तिच्यासाठी तसल्याच लाल-काळ्या डिझाइनची शोधत होतो, नवी पेठेत मिळाली शेवटी.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, टोरांटोची वेळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं असते आणि हिवाळ्यात साडेदहा. तुम्ही पोरांना झोपवून रात्री साडेदहाला फोन कराल तेव्हा इथं सकाळचे आठ-नऊ वाजलेले असतात, आई देवपूजा आटपून मोकळी झालेली असते. आमचा फोन आठ वर्षं त्याच वेळेला येतो, आणि ती तोपर्यंत मोबाइल घेऊन झोपाळ्यावरच बसलेली असते.