आवाजाच्या तक्रारींची इंग्रजी प्रश्नावली चेक भाषेत आणून पडताळायची कशी?

पहिला सल्ला सगळीकडे ठरलेला असतो. दोघांकडून भाषांतर करून घ्या, तिसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत आणा, जुळलं की झालं. यातून कळतं ते एवढंच की तुमचे भाषांतरकार हुशार आहेत. घसा बसलेल्या माणसाला प्रश्न कळला की नाही, ते यातून कळत नाही.

मूळ प्रश्नावलीकारांची लेखी परवानगी आणि नीतिसमितीची मंजुरी हातात आहे असं धरते. भाषांतराला मातृभाषा चेक असलेले दोघे घ्या. एक आवाजाच्या क्षेत्रातला, दुसरा त्याचा गंधही नसलेला. दोघांना समोरासमोर बसवून एकच मसुदा करून घ्या. उलट भाषांतर करा, जर्नलवाले मागतात.

आता खरी मेख. मसुदा घेऊन फोनिॲट्रीच्या, म्हणजे आवाजाच्या विकारांच्या, बाह्यरुग्ण विभागात बसायचं आणि एकेका रुग्णाशी बोलायचं.

अशा प्रश्नावल्यांत विधानं असतात आणि पुढे पाच पर्याय, ० ते ४. चेकमध्ये पहिला पर्याय ‘निग्दी’, म्हणजे कधीच नाही, आणि शेवटचा ‘व्झ्दी’, म्हणजे नेहमी. आमच्या मसुद्यात एक विधान होतं, बोलताना दम पुरत नाही. चेकमध्ये ‘मी नेस्ताची देख’. उलट भाषांतर निर्दोष आलं होतं, तज्ज्ञांनीही मान डोलावली होती.

समोर एक निवृत्त शिक्षिका होत्या. आवाज करवतीसारखा, दुसऱ्या वाक्यालाच श्वास संपायचा. आणि या विधानापुढे खूण ‘निग्दी’वर! मी विचारलं तेव्हा चष्मा वर सरकवून, वर्गातल्या ढ पोराला समजवावं तसं त्यांनी वाचून दाखवलं, “निग्दी मी नेस्ताची. कधीच पुरत नाही. तेच तर सांगतेय!” त्यांना ४ गुण द्यायचे होते, आम्ही ० मोजत होतो. तोवर चाळीस फॉर्म भरून झाले होते. कोणी कसं वाचलं ते सांगायला मार्ग नव्हता, सगळे रद्दीत गेले.

चेकमध्ये ‘निग्दी’बरोबर क्रियापद नकारार्थीच लागतं. त्यामुळे विधान आधीच नकारार्थी असेल तर उत्तर त्याला बेमालूम चिकटतं आणि अर्थ उलटा होतो. मराठीत वेगळं काय होतं? ‘दम पुरत नाही’ याच्यापुढे ‘कधीच’वर खूण करून बघा. इंग्रजी विधानात नकार नसला तरी भाषांतरात तो हळूच शिरतो, कारण बोलायला तेच सोपं वाटतं.

म्हणून माझा हट्ट असतो की प्रत्येक विधान पाचही उत्तरं जोडून मोठ्याने वाचायचं. नकार दिसला की वाक्य बदलायचं. आम्ही ‘मी दोखाझी देख’ केलं, म्हणजे दम संपतो. मग त्याच बाईंनी न अडखळता ‘व्झ्दी’वर खूण केली.

रुग्णाला “कळलं का?” असं चुकूनही विचारू नका. पांढऱ्या कोटासमोर सगळ्यांना सगळं कळतं. “हे तुमच्या शब्दांत सांगा”, “असं शेवटचं कधी झालं?” असं विचारा. लिंगाकडेही बघा. ‘मी ताणात असतो’ म्हणायला चेकमध्ये पुरुषाला ‘नाप्याती’ आणि बाईला ‘नाप्याता’ लागतं. तिरक्या रेघा मारून दोन्ही रूपं कोंबण्यापेक्षा ‘ताण जाणवतो’ असं वाक्य फिरवा. आणि नुसत्या प्रागवर थांबू नका, देशाच्या पूर्वेकडच्या मोरावियातली बोली वेगळी पडते, तिथल्या ब्रनोलाही जा. दर फेरीला आठ-दहा माणसं, नवी अडचण येईनाशी होईपर्यंत.

पुढचं सोपं आहे. रुग्ण आणि निरोगी, दोन्ही गट घ्या, वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण जुळवून. घटक विश्लेषण, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात पडतात ते बघणं, करायचं असेल तर दर प्रश्नामागे पाच ते दहा माणसं धरा.

प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रोनबाख अल्फा ०.९५ च्या वर गेला की पेढे वाटू नका, बहुधा तोच प्रश्न तुम्ही तीनदा विचारला आहे. आमचं उलटं विधानही तीस प्रश्नांच्या गर्दीत अल्फाला फारसं हलवू शकलं नसतं. ते पकडायचं तर प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध बघा. ०.३ च्या खाली गेला की त्या प्रश्नासाठी परत रुग्णाकडे.

दोन आठवड्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घ्या, मध्ये उपचार सुरू झालेल्यांना वगळून. इथे नेहमीचा पिअर्सन सहसंबंध नको, दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्ष तेवढेच आले का ते बघणारा इंट्राक्लास सहसंबंध काढा. सगळ्यांचे गुण सरसकट आठने वाढले तरी पिअर्सनला पत्ता लागत नाही.

तुलनेला व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स ही आवाजाच्या त्रासाची प्रस्थापित प्रश्नावली आहेच. १९९७ मध्ये इंग्रजीत ८५ विधानांतून गाळून ३० ठेवली गेली, एकूण गुण ० ते १२०. चेक आवृत्ती २००९ पासून उपलब्ध आहे. तुमची प्रश्नावली त्याच्याशी बऱ्यापैकी जुळायला हवी. जिटर-शिमरसारख्या (आवाजाच्या कंपनातली आणि तीव्रतेतली बारीक अस्थिरता) ध्वनिमापनाशी मात्र फारशी जुळली नाही तर घाबरून आकडे लपवू नका. यंत्र स्वरतंतूंचं कंपन मोजतं. फोनवर आवाज ओळखू आला नाही म्हणून समोरच्याने फोन ठेवला, हे यंत्राला कुठून कळणार?