एचआयव्हीची चाचणी करताय? या चुका टाळा, आधी तारीख सांगा

विट्याचा माणूस चाचणीसाठी सांगलीला येतो, सांगलीचा कराडला जातो आणि कराडचा थेट पुणं गाठतो. ओळखीचं कुणी दिसू नये, एवढीच धडपड. या घाईत सांगायची मुख्य गोष्टच राहून जाते: संबंध कोणत्या तारखेला आला. त्या तारखेवाचून एचआयव्हीच्या रिपोर्टचा अर्थ लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. शनिवारी रात्री कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही. सोमवारी लॅबमध्ये रक्त दिलं, संध्याकाळी ‘नॉन-रिॲक्टिव्ह’, म्हणजे संसर्ग दिसला नाही, असा कागद हातात आला आणि जीव भांड्यात पडला. पण शनिवारच्या रात्रीबद्दल तो कागद काहीच सांगत नाही. शिवाय त्या सोमवारी चाचणीपेक्षा मोठी गोष्ट हातात होती: संसर्ग रोखण्यासाठीच्या पेप नावाच्या गोळ्या. धोका घडल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या. जितक्या लवकर सुरू तितका उपयोग जास्त. म्हणून रविवार असला तरी थांबू नका. सिव्हिलमध्ये जा किंवा एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठा, ‘पेप घ्यायला हवं का’ असं स्पष्ट विचारा. रिपोर्टचं खोटं समाधान घेऊन घरी बसलेल्यांची ही संधी निघून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग चाचणी कधी? विषाणू शिरल्यावर शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, त्याला वेळ लागतो. तोच विंडो पिरियड. बोटाला टोचून होणाऱ्या रॅपिड चाचणीत साधारण २३ ते ९० दिवसांत संसर्ग दिसतो. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी फोर्थ जनरेशन चाचणी विषाणूचा एक भागही शोधते, म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. थेट विषाणू शोधणारी ‘नॅट’ १० ते ३३ दिवसांत. त्यामुळे लॅबवाल्याला आधी विचारा, ‘चाचणी कोणती?’ फोर्थ जनरेशन असेल तर ४५ दिवस, रॅपिड असेल तर ९० दिवस उलटल्यावरचा निकाल धरा. मधे पुन्हा धोका घडला तर मोजणी नव्याने सुरू. पेप घेतलं असेल तर फेरचाचणीची तारीख डॉक्टरांकडूनच घ्या.

ताप, पुरळ, तोंड येणं यावरून अंदाज बांधू नका. आणि ९० दिवसांनंतरचा रिपोर्ट स्वच्छ आला, नवा धोका नाही, तर दर महिन्याला सुई टोचून घेऊ नका. ते प्रकरण मिटलं.

रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्गाचा संशय दाखवणारा रिपोर्ट आला की उलट्या दिशेची चूक होते: एका कागदावर आयुष्य संपलं असं धरणं. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. म्हणजे १०,००० माणसांत २० बाधित. समजा एका किटने ते वीसही पकडले, पण उरलेल्यांपैकी अर्ध्या टक्क्याला चुकून रिॲक्टिव्ह दाखवलं. ते झाले जवळपास ५०. म्हणजे ७० रिॲक्टिव्ह रिपोर्टपैकी ५० खोटे! म्हणूनच आयसीटीसी या शासकीय समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एकाच किटवर निदान करत नाहीत. लक्षणं नसलेल्या माणसाच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या किटचा निकाल जुळावा लागतो. खासगी लॅबचा एकटा रिॲक्टिव्ह रिपोर्ट घेऊन ठरलेलं लग्न मोडू नका, पण तो कपाटातही ठेवू नका. आयसीटीसीत जा. तिथे चाचणी मोफत होते, समुपदेशक सोबत असतो, आणि निदान पक्कं झालं तर उपचार लगेच सुरू करता येतात.

नवऱ्याचा रिपोर्ट बायकोचा होत नाही. दोघांनी वेगवेगळी चाचणी करा. बाधित आईच्या बाळाला अँटिबॉडी चाचणी लावू नका, आईच्या अँटिबॉडी बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. सहाव्या आठवड्यापासून त्याची थेट विषाणू शोधणारी वेगळी पीसीआर चाचणी होते.

फुकट तपासून मिळेल म्हणून रक्तदान शिबिरात जाणं ही तर अक्षम्य चूक. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटून दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतं.

याच सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेबरोबर वेश्याव्यवसायातल्या बायका कंडोमबद्दल, आजाराबद्दल उघड बोलत आल्या आहेत. आपल्याला बंद खोलीत समुपदेशकाला एक तारीख सांगता येत नाही? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि निकाल गुप्त ठेवायचा. कायदा तुमच्या बाजूने आहे. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनला फोन लावा, आणि फोन लावण्याआधी ती तारीख कागदावर लिहून ठेवा.