संघ नव्यानं घडतोय, मैदान कसं भरवायचं? कोल्हापुरातल्या कॉलेज बास्केटबॉलसाठी

सीनियर पोरं पास होऊन गेली, संघ फर्स्ट आणि सेकंड इयरचा झाला, कोच नवा आला. अशा वर्षी कॉलेजचा बास्केटबॉल संघ हरतोच. नवल म्हणजे नेमकं याच वेळी जुनी मंडळी विचारायला लागतात, "यंदा पोरं कशी आहेत? सामना कधी आहे?" हा उत्साह खरा असतो, पण त्याला तारीख आणि बसायला जागा मिळाली नाही तर महिन्याभरात विरतो. हे मार्गदर्शन जिमखान्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि माजी खेळाडूंसाठी आहे. जिंकायला लागल्यावर गर्दी येईल म्हणून थांबू नका. संघ ओळखीचा झाला आणि खेळ समजला, तर कोल्हापूरचा माणूस हरणाऱ्या पोरांसाठीही सकाळी उठून येतो.

आधी सामने मिळवा

विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीनं होतात. कोवळा संघ पहिल्याच सामन्यात हरला की 40 मिनिटांच्या खेळात त्याचं वर्ष संपतं. तोही सामना बहुधा कामाच्या दिवशी, दुसऱ्याच कॉलेजच्या मैदानावर. तिथं प्रेक्षक येणार कधी आणि पोरं शिकणार कधी?

म्हणून शहरातली किंवा जवळची चार कॉलेजं एकत्र करा आणि दुहेरी साखळी ठेवा. प्रत्येक संघाला तीन प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे सहा रविवार आणि सहा सामने. दर रविवारी दोन मैदानांवर खेळ होईल आणि प्रत्येक मैदानावर मुलींचा एक, मुलांचा एक असे दोन सामने होतील. कोणता आधी ते दर आठवड्याला बदला. मुलींचा सामना कायम आधी ठेवला की लोक उशिरा यायला शिकतात, आणि तो रिकाम्या मैदानावर होतो. मग चूक मुलींच्या खेळाची नसते, वेळापत्रकाची असते.

पहिल्या रविवारी तोडीस तोड संघ बोलवा. सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी चौथ्या किंवा पाचव्या रविवारी ठेवा. पहिल्याच दिवशी 40 गुणांनी मार खाल्ला तर दुसऱ्या रविवारी फक्त खेळाडूंचे आई-वडील दिसतील.

आता वेळ. पावसाळ्यात उघड्या सिमेंट कोर्टवर खेळू नये, पाय घसरून गुडघे जातात. दिवाळीची सुट्टी आणि सेमिस्टरच्या परीक्षा वगळून पावसानंतरचे सहा रविवार शोधा. संध्याकाळ टाळा. थंडीत सहाच्या सुमारास अंधारतं, आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की दुपारनंतर शाहू स्टेडियमकडे निघालेल्या पेठांना अडवणं कोणालाच जमणार नाही, अडवूही नये. सकाळी आठला पहिला सामना आणि पावणेदहाला दुसरा ठेवा. साडेअकराला सगळं आटोपतं आणि रविवारचं मटणही वेळेत चुलीवर चढतं.

सकाळची एक अडचण आहे, दव. डिसेंबर-जानेवारीत सिमेंटवर ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सव्वासातला चौघांनी रबरी वायपर आणि कोरडी पोती घेऊन कोर्ट पुसायचं, आधी दोन्ही रिंगांखालचा भाग, कारण सगळ्यात जास्त उड्या तिथंच पडतात. आठलाही हाताला ओल लागत असेल तर सामना पंधरा मिनिटं पुढे ढकला.

कोर्ट

रिंगची वरची कड जमिनीपासून 3.05 मीटरवर हवी. टेप लावून दोन्ही बाजूंना मोजा. लटकण्याच्या सवयीमुळे जुन्या रिंगा पुढून झुकलेल्या असतात, म्हणून रिंगवर आडवी लेव्हल ठेवून बघा. थोडा झोल असेल तर रिंगच्या प्लेटचे खालचे बोल्ट ढिले करून बोर्ड आणि प्लेटच्या मध्ये वॉशर घाला, पुढची कड वर येते. रिंगच वाकली असेल तर ती काढून उद्यमनगरात फॅब्रिकेटरकडे न्या. जागेवरच हातोडा मारू नका, बोर्डला तडा जातो.

जाळी नवीन घ्या. जाळी नसेल तर बाजूला बसलेल्या माणसाला बास्केट झालं की चेंडू रिंगला चाटून गेला हे कळतच नाही. टाळी उशिरा पडते आणि मग पडतच नाही. बारा फासे सगळे अडकलेले हवेत. प्रेक्षकांसाठी याहून स्वस्त सुधारणा नाही.

रेषा 5 सेंटिमीटर रुंद. कोर्ट 28 बाय 15 मीटर. थ्री पॉइंटची कमान, फ्री थ्रोचा चौकोन, मधलं वर्तुळ असं सगळं धरून रेषांची लांबी साधारण 210 मीटर होते, म्हणजे रंगवायचं क्षेत्र 10-11 चौरस मीटर. दोन हात द्यायला 4 लिटरचा डबा पुरतो. रेषेच्या दोन्ही कडांना लावायला 20 मीटरचे 22 मास्किंग टेप रोल लागतील. गुळगुळीत ऑइल पेंट वापरू नका, घामाच्या थेंबावर बूट सरकतो. रस्त्याच्या पट्ट्यांचा किंवा कोर्टसाठीचा ॲक्रिलिक रंग घ्या आणि लावल्यावर एक पूर्ण दिवस कोर्ट बंद ठेवा. जुनी थ्री पॉइंट रेषा 6.25 मीटरवर असेल तर ती खरवडून काढा. आता अंतर 6.75 मीटर आहे, आणि दोन कमानी दिसल्या की पंच, खेळाडू आणि प्रेक्षक तिघंही गोंधळतात.

माणसं कुठे बसवायची

कुस्तीच्या खासबाग मैदानात सभोवती चढत जाणारी बैठक आहे, म्हणून मागच्या माणसालाही आखाडा पूर्ण दिसतो. बास्केटबॉल कोर्ट सपाट जमिनीवर असतं. पुढची रांग उभी राहिली की मागच्यांना फक्त पाठी दिसतात. चढ आपणच तयार करायचा: पहिली रांग सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी.

बाहेरच्या रेषेपासून 2 मीटर सोडून दोरी बांधा. ही जागा खेळाडूला थांबायला लागते, तिथं पाय पसरून बसलेला प्रेक्षक म्हणजे मुरगळलेला घोटा. एका लांब बाजूला स्कोअरचं टेबल आणि दोन्ही संघांचे बाक, समोरच्या बाजूला सगळे प्रेक्षक. माणशी अर्धा मीटर आणि ये-जा करायला सव्वा मीटरच्या तीन वाटा धरल्या तर एका रांगेत 48 माणसं बसतात, तीन रांगांत दीडशेच्या आत. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. शंभर माणसं चारही बाजूंना पांगली तर मैदान रिकामं वाटतं, तीच एका बाजूला दाटीनं बसली की आवाज घुमतो. रिंगांच्या मागे कोणालाही बसवू नका.

कोर्ट उत्तर-दक्षिण असेल तर प्रेक्षक पूर्वेला बसवा. सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि डोळ्यांवर हात धरावा लागत नाही. दीडशे माणसांना अर्धा लिटर प्रमाणे पाण्याचे 20 लिटरचे चार जार लागतात.

स्कोअर दिसलाच पाहिजे

नवख्या प्रेक्षकाला सामन्यातून उठवणारी पहिली गोष्ट म्हणजे स्कोअर न कळणं. इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसला तरी चालतं. सनबोर्डवर 30 सेंटिमीटर उंचीचे आकडे छापून घ्या, पिवळ्यावर काळे. दोन्ही संघांचे गुण, चालू असलेला क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) आणि त्या क्वार्टरमधले संघाचे फाउल, एवढं दिसू द्या. पाचव्या फाउलसाठी लाल पाटी ठेवा, कारण तिथून पुढं प्रत्येक बचावाच्या फाउलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात. लाल पाटी लागली की खेळ न समजणारा माणूसही सावरून बसतो.

टेबलावर चार जण: स्कोअरर, सहायक, टायमर आणि 24 सेकंदांचं घड्याळ सांभाळणारा. शॉट क्लॉकचं यंत्र नसेल तर स्टॉपवॉचवर शेवटचे दहा सेकंद मोठ्यानं मोजा. आक्रमण करणाऱ्या संघानंच रिबाउंड (रिंगला लागून परत आलेला चेंडू) घेतला तर 24 नाही, 14 सेकंद मिळतात. इथं सर्वांत जास्त चुका होतात आणि भांडणंही इथंच लागतात. पंच नवखे आणू नका. जिल्हा संघटनेकडून प्रशिक्षित पंच आधीच ठरवा आणि मानधन त्याच दिवशी द्या.

माइक आणि हलगी

निवेदन मराठीत करा. पहिल्या दोन रविवारी माइकवरच्या माणसाचं काम शिक्षकाचं आहे. चारच गोष्टी सांगायच्या: आठ सेकंदांत चेंडू मधली रेषा ओलांडायला हवा, 24 सेकंदांत शॉट घ्यायला हवा, रिंगजवळच्या चौकोनात आक्रमकाला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आणि पाच फाउल झालेला खेळाडू बाहेर. नियम मोडला की लगेच एका वाक्यात सांगा, "तीन सेकंद झाले, चेंडू त्यांच्याकडे." फुटबॉल बघून तयार झालेली नजर हे झटकन उचलते. चेंडू खेळात असताना मात्र माइक गप्प ठेवा. खेळाडूंना एकमेकांचा आवाज ऐकू यायला हवा.

हलगी जरूर आणा. तिच्याशिवाय हे मैदान आपलं वाटत नाही. वाजवायच्या वेळा ठरवून द्या: क्वार्टरमधली दोन मिनिटं, मध्यंतर आणि एक मिनिटाचा टाइम-आउट. टाइम-आउटमध्ये वाजवणारे कोचच्या बाकापासून लांब उभे करा, नाहीतर कोचनं आखलेला डाव पोरांना ऐकूच जात नाही. शिट्ट्या आणि हॉर्न पूर्ण बंद. पंचांची शिट्टी समजून बचाव करणारा थांबला की फुकटची बास्केट जाते.

घोषणा आपल्या संघासाठी, समोरच्या खेळाडूचं नाव घेऊन नाही. पेठेचे, तालमीचे झेंडेही आत नकोत. एका रंगाचा झेंडा आला की दुसरा येतो, आणि मग सामना बास्केटबॉलचा राहत नाही. कॉलेजच्या रंगाच्या पट्ट्या दारावरच वाटा. दारावर दोन माजी खेळाडू उभे करा, अनोळखी सुरक्षा रक्षकापेक्षा त्यांचं ऐकलं जातं.

सत्कारांना आवर घाला. शाल, श्रीफळ आणि चार भाषणं सामन्याआधी झाली की वॉर्म-अप केलेली पोरं अर्धा तास उभी राहून गार पडतात आणि पहिल्याच उडीला स्नायू धरतो. पाहुण्यांनी खेळाडूंशी हस्तांदोलन करायचं आणि नाणेफेकीसारखा काही प्रकार इथं नसल्यामुळे थेट पहिला जंप बॉल, म्हणजे पंचानं दोन खेळाडूंच्या मध्ये वर उडवलेला चेंडू, बघायचा. बोलायचंच असेल तर मध्यंतरात तीन मिनिटं.

हरणाऱ्या संघाचं काय दाखवायचं

"यंदा चषक आणणार" असं पोस्टर लावू नका. पोस्टरवर खेळाडू लावा: नाव, जर्सी क्रमांक, वर्ग आणि गाव. कागल, शिरोळ, गडहिंग्लज, राधानगरी, चंदगड असं गावाचं नाव दिसलं की हॉस्टेलवरची त्या तालुक्यातली दहा पोरं आपसूक येतात. फोटोसाठी प्रत्येकाची परवानगी घ्या, फोन नंबर कुठंही छापू नका.

निकालाशिवाय तीन आकडे दर आठवड्याला नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर टाका: हातून गमावलेले चेंडू, रिबाउंड आणि फ्री थ्रोची टक्केवारी. समजा पहिल्या रविवारी 28 चेंडू गमावले आणि चौथ्या रविवारी 17, तर संघ दोन्ही वेळा हरला असला तरी बघणाऱ्याला हातात धरायला काहीतरी मिळतं. फ्री थ्रो तर कोणीही मोजू शकतं: 4.6 मीटरवरून, समोर अडवणारा कोणी नाही. सराव झालाय की नाही ते तिथं उघडं दिसतं. आकडे खरे टाका. वाईट आठवड्यात ते लपवले तर चांगल्या आठवड्यात कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये 25 गुणांनी मागे पडलो की लोक गाड्यांच्या किल्ल्या काढतात. अशा वेळी कोचला नवी पोरं उतरवू द्या आणि माइकवर सांगा, कोण आलंय, कुठला आहे, कॉलेजसाठी त्याचा पहिला सामना आहे. त्या पोराच्या पहिल्या बास्केटसाठी थांबलेली माणसं पुढच्या रविवारी हमखास दिसतात.

पैशांसाठी एका मोठ्या प्रायोजकाच्या मागे न लागता माजी विद्यार्थ्यांकडून छोटी वर्गणी घ्या आणि हिशोब बोर्डावर लावा. 1952 साली खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर, आणि त्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. खेळाडूमागं उभं राहणं या गावाला नवं नाही. आलेला पैसा आधी चेंडूंवर खर्च करा: मुलांसाठी 7 नंबर, मुलींसाठी 6 नंबर, सिमेंटवर टिकणारे रबरी किंवा कॉम्पोझिट. मुलींना 7 नंबरवर सराव करायला लावू नका, सामन्यात हाताचा अंदाज चुकतो.

शेवटच्या रविवारी सामना संपल्यावर कोर्ट अर्धा तास शाळेच्या पोरांना मोकळं करा. 5 नंबरचे चार चेंडू ठेवा, आणि 3.05 मीटरवर हात न पोचणाऱ्या बारा वर्षांखालच्यांसाठी 2.60 मीटरवर एक साधी रिंग टांगा. शॉट कसा धरायचा ते संघातल्याच खेळाडूंनी दाखवायचं. त्या पोरांची नावं आणि शाळा वहीत लिहून ठेवा, पुढच्या हंगामाचं पहिलं बोलावणं त्यांना पाठवायचंय.