जखमी सैनिकाचा जर्मन बिल्ला: आधी पाठ बघा, नंबर शेवटी

"याच्यावर ६५ आहे, म्हणजे अस्सलच ना?" जर्मन सैन्याचे बिल्ले जमवायला लागलेला जो तो मला आधी हेच विचारतो. ६५ हा बिल्ला बनवणाऱ्या कारखान्याचा नंबर. मी त्याला नंबरावर बोट ठेवून तो झाकायला सांगतो. नंबर कुणालाही ठोकता येतो. बाकीची पाठ नकली बनवणं फार अवघड असतं.

मी सगळ्यात जास्त हाताळलाय तो जखमी सैनिकांचा बिल्ला. ३ मार्च १९१८ला तो सुरू झाला. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना चंदेरी, पाच किंवा जास्त जखमांना सोनेरी. म्हणजे हातातली वस्तू कुणाच्या तरी रक्ताचा हिशोब आहे, हे विसरून मी ती कधी उचलत नाही.

काळ हेल्मेटवरून कळतो. १९१८च्या बिल्ल्यावर पहिल्या महायुद्धातलं, बाजूला बोंडं असलेलं हेल्मेट आहे, त्यावर चिन्ह नाही. पुढे स्पेनच्या यादवी युद्धातल्या जखमींसाठी त्याच हेल्मेटवर नाझी स्वस्तिक आलं, १९३९मध्ये हेल्मेटही नवं झालं. १९५७च्या पश्चिम जर्मन कायद्यानं पदकं पुन्हा वापरायला मुभा दिली, पण स्वस्तिक काढून. १९१८चा नौदलाचा बिल्ला वेगळाच, त्यावर नांगर आणि कडेनं साखळी.

आता धातू. काळे बिल्ले बहुतेक पत्र्यातून ठोकलेले, मागून पोकळ. पत्रा लोखंडी असेल तर चुंबक चिकटतो, पितळी असेल तर रंग उडालेल्या उंचवट्यांवर पिवळं दिसतं. चुंबक मात्र बिल्ल्याच्या कडेला लावा. पिन पोलादी असली तर ती ओढली जाते आणि माणूस फसतो. चंदेरी-सोनेरी बिल्ले सुरुवातीला टॉम्बाकचे, म्हणजे तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचे असत. युद्ध लांबलं तसं नुसतं जस्त आलं. जस्तावर मुलामा टिकत नाही, ते राखाडी पडतं. त्यामुळे जस्ताचा बिल्ला कालच पॉलिश केल्यासारखा चमकत असेल तर मला शंका येते.

माझा पहिला चंदेरी बिल्ला असाच चमकत होता, नंबरही ठसठशीत. घरी भिंगाखाली धरला तर हेल्मेटभोवतीच्या माळेतल्या पानांच्या शिरांच्या जागी गुळगुळीत फुगवटे आणि दाणेदार पार्श्वभूमीत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. तो साच्यात ओतलेला, म्हणजे नकली होता. ठशानं ठोकलेल्या धातूवर रेषा धारदार उमटते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

नंबरांच्या पद्धती दोन. सरकारतर्फे द्यायच्या बिल्ल्यांवर नुसता आकडा, तर १९४१पासून दुकानात विकायच्या बिल्ल्यांवर 'एल' आणि तिरपी रेघ. एकाच कारखान्याला दोन्ही मिळत: लुडेनशाइडच्या विल्हेल्म डॉयमरला ३ आणि एल/११, तिथल्याच श्टाइनहाउअर उंड ल्यूकला ४ आणि एल/१६. ३० म्हणजे व्हिएन्नाची टांकसाळ, ६५ म्हणजे क्लाइन उंड क्वेंत्सर, १०७ म्हणजे हाम्बुर्गचे कार्ल विल्ड. आकडा कधी पाठीवर असतो, कधी पिनवर, म्हणून पिन उघडून बघा.

नंबर नसला म्हणून बिल्ला टाकून देऊ नका, उलट तिथेच खरी मजा आहे. वापरून वापरून ठशाला बारीक चीर पडते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक बिल्ल्यावर ती केसाएवढी उंच रेघ होऊन उमटते. माझ्याकडच्या एका बिननंबरी काळ्या बिल्ल्यावर डावीकडच्या तिसऱ्या पानापासून कडेपर्यंत अशी रेघ आहे. दिवा आडवा ठेवून फोटो काढा, म्हणजे ती सावलीसह दिसते. मग नंबर असलेल्या बिल्ल्यांच्या फोटोंशी पानन् पान ताडून बघा. त्याचबरोबर पिनची बिजागरी गोल नळीची की ठोकळ्यासारखी, पिन अडकवायचा हूक गोल तारेचा की चपट्या पट्टीचा, हेही बघा.

जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे स्वस्तिकाचं जाहीर प्रदर्शन गुन्हा आहे. म्हणून तिथल्या लिलावाच्या फोटोत ते झाकलेलं असतं. झाकलेल्या पुढच्या बाजूवर वेळ घालवू नका, पाठीचा मोठा फोटो मागवा.

त्या बिननंबरी बिल्ल्याची रेघ अखेर एका नंबरवाल्याशी तंतोतंत जुळली. हूक मात्र वेगळा होता. वहीत मी पेन्सिलनं लिहिलं: ठसा तोच, हूक दुसरा, कारखाना बहुधा तोच.