पाणी कमी, वाढ कमी: गरोदरपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांतला रिपोर्ट

पोटात बाळाभोवतीचं 'पाणी कमी आहे' एवढं कानावर पडलं की घरात शहाळी येऊ लागतात. आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडा.

'एएफआय' (पोटाच्या चार भागांतल्या पाण्याच्या खोलीची बेरीज) ५ सेंमी किंवा कमी, नाहीतर पाण्याचा सर्वांत खोल कप्पा २ सेंमीपेक्षा कमी असेल तर पाणी खरंच कमी आहे. खोल कप्प्याचा आकडा जास्त भरवशाचा. नुसत्या एएफआयवर विसंबलं की विनाकारण कळा आणायची वेळ जास्त येते.

मग बाळाचं अंदाजे वजन आणि पोटाचा घेर बघा. १० पर्सेंटाइलखाली (तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत सर्वांत लहान दहांमध्ये) असेल तर वाढ खुंटल्याची शंका, ३ खाली असेल तर गंभीर. तारीखच चुकलेली असली तर हे सगळं चुकतं, म्हणून पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी सोबत न्याच. वाढ मोजायला दोन सोनोग्राफींत किमान दोन आठवडे हवेत. वजनाचा अंदाज १०-१५ टक्के इकडेतिकडे होतो, त्यामुळे आठवडाभरातला फरक फसवा असतो.

सगळ्यांत महत्त्वाचं डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी. नाळेच्या रक्तवाहिनीपुढे 'अ‍ॅबसेंट' (दोन ठोक्यांमध्ये प्रवाह थांबतो) किंवा 'रिव्हर्स्ड' (उलटा वाहतो) लिहिलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

या महिन्यांत गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. वार नीट काम करेनाशी झाली की बाळ रक्त मेंदूकडे वळवतं, मूत्रपिंडांना कमी पडतं, लघवी घटते. आईने दोन लिटर पाणी प्यायल्यावर एएफआय थोडा वाढतो, पण वार सुधारत नाही. अमिनो अ‍ॅसिडच्या सलाइनचा आणि प्रोटीन पावडरींचा वाढ भरून काढायला उपयोग सिद्ध झालेला नाही. तो पैसा डॉप्लरला ठेवा.

घरी रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. घड्याळ लावा, दर हालचालीला कागदावर एक रेघ. दोन तासांत १० झाल्या नाहीत, किंवा बाळ नेहमीपेक्षा शांत वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. अंगावरून पाणी जातंय असं वाटलं तर कोरडा पॅड लावा. तासाभरात भिजला आणि लघवीचा वास नसेल तर लगेच तपासून घ्या. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज असेल तर बीपी बघा. मिश्री, तंबाखू आजपासून बंद: मिश्री 'दात घासायला' म्हणून मोजली जात नाही, पण निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. त्यांनी पाणी आणखी घटतं.

प्रसूती कधी, हे डॉप्लर ठरवतं. बाकी सगळं ठीक आणि फक्त पाणी कमी असेल तर साधारण ३६-३७ आठवडे. वजन ३ ते १० पर्सेंटाइल आणि डॉप्लर चांगलं असेल तर ३८-३९. ३ खाली असेल तर ३७. 'अ‍ॅबसेंट' असेल तर ३३-३४. 'रिव्हर्स्ड' असेल तर ३०-३२. ३४ आठवड्यांआधी करावी लागणार असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १२ तासांनी एक अशी चार इंजेक्शनं देतात. अशा बाळाची साखर जन्मताच घसरू शकते आणि अंग लवकर गार पडतं, म्हणून नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय कळा सुरू होण्याआधीच ठरवून ठेवा.